न विचारता भरलेल्या बांगड्या

उंद्रीला आमच्या अंगणात बाबांची तिरडी बांधणं चालू होतं, तेव्हा रस्त्यावर जीप थांबली आणि मंडळाच्या बाया उतरल्या. सगळ्यांच्या अंगावर एकसारख्या, केशरी काठाच्या पांढऱ्या साड्या. त्यांना बघून मला धीर आला. तशीच साडी चिखलीला माझ्याही कपाटात होती. कितीतरी वर्षं मी मंडळात होते. शाळेत शिकवून आलं की भजनाला जायचं, आणि कुठं असा प्रसंग घडला की याच जीपमध्ये दाटीवाटीनं बसून त्या गावी जायचं. मला वाटलं, आता या मायजवळ बसतील आणि मला जरा बाजूला जाऊन रडता येईल.

माय आतल्या खोलीत भिंतीला टेकून बसली होती. पहाटेच तिनं हातातल्या बांगड्या उतरवल्या होत्या, कपाळ पदरानं पुसलं होतं. तिला कुणी सांगितलं नव्हतं. उलट काकू म्हणाली होती, "राहू द्या ना बाई. आता कोण काढते?" मायनं ऐकलं नाही. बांगड्या एका वाटीत घालून तिनं त्या देवाच्या फळीवर ठेवून दिल्या आणि पुन्हा भिंतीशी येऊन बसली.

मंडळाच्या अध्यक्षांना आम्ही सगळ्याच ताई म्हणतो. त्या आत आल्या, मायपुढे बसल्या, तिचे मोकळे हात त्यांनी पाहिले आणि वळून काकूला विचारलं, "कुणी काढल्या?"

"मीच काढल्या," माय म्हणाली.

"तुम्ही नाही काढल्या. तुमच्याकडून काढवून घेतल्या." ताईंचा आवाज अगदी मऊ होता. "घाबरू नका. आम्ही आलोय आता."

त्यांनी मान हलवली तशी एका बाईनं पिशवीतून हिरव्या बांगड्यांचा डबा काढला. माय म्हणाली, "नको." मग दोघींनी तिचे दोन हात धरले. माय मागं सरकली, पण मागं भिंत होती. "नको ना वं बाई, सोडा मले," ती म्हणाली. तिसरीनं तिची बोटं एकत्र दाबून धरली आणि बांगडी चढवायला सुरुवात केली. मायचे हात कष्टाचे. आमच्या पिठाच्या गिरणीत पोती उचलून उचलून तिच्या पंजाची हाडं रुंद झालेली. बांगडी अंगठ्याच्या मुळाशी अडली. त्या बाईनं जोर लावला. माय ओरडली.

बाहेरच्या माणसांना वाटलं, ती बाबांसाठी ओरडली. अंगणातून कुणीतरी म्हणालं, "रडू द्या, रडू द्या, मोकळं होऊ द्या."

मी दारात उभी होते. मी ते पाहत होते आणि मला ते कळत नव्हतं, असंच सांगावं लागेल. या बायांना मी ओळखत होते. त्यांच्या घरी जेवले होते. एकीच्या मुलीला मी दहावीला शिकवलं होतं. "अहो, ती नको म्हणते ना!" असं मी ओरडले तेव्हा त्यांच्यातली एक माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "मॅडम, तुम्ही शिकलेल्या. तुम्हीच असं बोलल्यावर कसं? पहिल्यांदा सगळ्याच नको म्हणतात." तोवर चौथीनं मायच्या कपाळावर कुंकू लावलं होतं, आणि एक जण मोबाईलवर फोटो काढत होती.

मग त्यांनी मायच्या भोवती बसून भजन म्हटलं. माय मधे बसली होती, बांगड्या भरलेले हात मांडीवर उताणे ठेवून. जणू ते हात तिचे नव्हतेच.

बाबांना नेलं, माणसं परतली, जीप गेली. माय मला म्हणाली, "साबण आण." मोरीत बसून तिनं एकेक बांगडी उतरवली. अंगठ्याखाली कातडी सोलली होती, तिथं साबण झोंबला तरी ती थांबली नाही.

हे मंडळ कसं सुरू झालं ते सांगितल्याशिवाय माझा धक्का कुणाला समजायचा नाही.

मी लहान असताना आमच्या गल्लीत एक बाई राहायची. सगळं गाव तिला मावशी म्हणायचं. लग्न होऊन गेली आणि विशीच्या आतच भावाच्या घरी परत आली. नवरा गेला त्या दिवशी तिच्या सासरच्या बायांनी उंबरठ्यावर तिचे हात ठेवून दगडानं बांगड्या फोडल्या होत्या. एक काच मनगटात शिरली. त्याची खूण मी पाहिलेली आहे. आम्हा पोरींना ती खूण बघायची फार उत्सुकता असायची आणि मावशी मनगट पुढं करून दाखवायची. "देवानं नवरा नेला," ती म्हणायची, "हात तर मागतले नव्हते त्यानं."

दर गुरुवारी संध्याकाळी मारुतीच्या पारावर ती भजन म्हणायची. आधी एकटी, मग दोघी-चौघी, मग गल्लीतल्या बऱ्याच बाया. तिच्या भजनात आरतीचं ताट कुणाच्याही हाती जायचं. नवरा असलेली, नसलेली, टाकलेली, सगळ्या सारख्या. यावर सुरुवातीला गावात बोलणी झाली. तेव्हा माझ्या बाबांनी गिरणीवर बसून लोकांना सांगितलं होतं, "ज्याले पटत नसंन त्यानं त्या टायमाले पारावर जाऊ नये." माय पहिल्यापासून त्या भजनात होती. टाळ वाजवायची.

पण मावशीचं खरं काम वेगळं होतं. गावात कुणी पुरुष गेला की ती जाऊन त्याच्या बायकोजवळ बसायची. म्हाताऱ्या बाया बांगड्या फोडायला पुढं आल्या की त्या बाईच्या हातांवर आपले दोन्ही हात ठेवायची. आणि विचारायची, "बाई, तुले काय पायजे ते सांग. ज्याले जे बोलायचं ते मले बोलतीन." कुणी म्हणायची, राहू द्या. मग मावशी तिथून हलायची नाही, शिव्या खायची, पण हात काढायची नाही. कुणी म्हणायची, काढा मावशी, मले नाही पाहावत. मग मावशी साबणाचं पाणी आणून अशी हळूच बांगडी उतरवायची की काचेला काच लागू नये. हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं आहे. मायच्या मागे मागे जाऊन, दाराच्या फटीतून.

असं ते मंडळ. पुढं जानेफळच्या बायांनी मावशीला बोलावलं, मग चिखलीच्या. मावशी थकली तेव्हा ताईंनी काम हाती घेतलं. ताईंबद्दल मला वाईट लिहायचं नाही. सासरचे घराबाहेर काढत होते अशा किती जणींसाठी त्या रात्रंदिवस झटल्या आहेत, पोलीस ठाण्यात तासन् तास बसल्या आहेत. साड्या त्यांनी आणल्या, कारण गावात शिरताना बाया बिचकायच्या. सगळ्या एकसारख्या दिसल्या तर दबकत नाहीत, असं त्यांचं म्हणणं. ते खरंही होतं. भजनाआधीची शपथ त्यांनीच लिहिली. जीप आली. फोटो सुरू झाले, कारण एका गावचा फोटो बघून दुसऱ्या गावच्या बाईला हिंमत यायची. प्रत्येक गोष्टीला कारण होतं, आणि प्रत्येक कारण मला पटलेलं होतं. मीही त्या जीपमध्ये बसायचे. पण मी नेहमी भजन म्हणणाऱ्यांत बाहेर असायचे. आतल्या खोलीत काय होतं ते मी मायच्या वेळेपर्यंत बघितलं नव्हतं.

बाबांचे दिवस झाल्यावर मी चिखलीला परत आले. शाळेत रुजू झाले. मंडळाच्या ग्रुपवर मायचा फोटो आलेला होता, खाली कौतुकाची रांग. मी ताईंना फोन करून तो काढायला सांगितला. त्या म्हणाल्या, "हो, हो, काढते." पुढच्या आठवड्यात भाजी घ्यायला बाजारात गेले तर बसस्थानकाजवळ मंडळाच्या वार्षिक भजनाचा फ्लेक्स लागलेला. बाजूला मावशीचा हार घातलेला फोटो. ती जिवंत असताना हार. आणि मधोमध माझी माय. रडणारा चेहरा, वर धरलेले हिरव्या बांगड्यांचे हात, कपाळभर कुंकू. खाली मोठ्या अक्षरांत 'सन्मान' लिहिलेलं.

वर धरलेले नव्हते ते हात. धरून ठेवलेले होते. धरणाऱ्या बायांचे हात फोटोतून कापले होते.

माझ्या हातातली पिशवी कधी खाली पडली मला समजलं नाही. एका अनोळखी मुसलमान बाईनं माझे टमाटे वेचून दिले. "क्या हुआ बाई, चक्कर आया क्या?" तिनं विचारलं. मी फ्लेक्सकडे बोट दाखवून म्हणाले, "ती माझी आई आहे." तिनं वर बघितलं, मग माझ्याकडे. "रो रही है ना वो," ती म्हणाली. रस्त्यावरून जाणाऱ्या बाईला जे दिसलं ते आमच्या अख्ख्या मंडळाला दिसलं नव्हतं.

त्याच रविवारी मी मावशीला भेटायला निघाले. ती आता जानेफळला भाच्याकडे असते. मेहकरची एसटी आणि पुढं जीप. सगळ्या वाटेत मी मनात बोलत होते. मावशी, तुझ्या नावावर बघ काय चाललंय. तुझं काम हे विसरले. तू विचारायची, हे विचारत नाहीत.

मावशी बाजेवर बसून लसूण सोलत होती. फार बारीक झाली होती, पण मला तिनं आवाजावरून ओळखलं. मी सगळं सांगितलं. बांगडी अडली ते, जोर लावला ते, माय ओरडली ते. फ्लेक्सचंही सांगितलं. मला वाटलं होतं ती संतापेल. तिनं लसूण बाजूला ठेवला.

मग म्हणाली, "मीच सांगतलं होतं त्यायले."

"काय सांगितलं होतं?"

"इचारत बसू नका म्हणून."

मी बाजेच्या कडेला टेकले.

"ऐक. तू तवा कॉलेजले होती. एका गावी मी गेली. पोरगी लय लहान, मांडीवर लेकरू. मी नेहमीसारखं इचारलं, तुले काय पायजे. दारात तिचा जेठ उभा, सासू उभी. ते पोरगी म्हणली, काढा मावशी. मी काढल्या. या हातानं काढल्या." मावशीनं हात पुढं केले. "पुढं चिखलीच्या बाजारात भेटली मले. म्हणे, मावशी, तुम्ही मले सगळ्यायसमोर काऊन इचारलं? मी काय म्हणणार होती? राह्यू द्या म्हणली असती तर मले घरात ठेवलं असतं काय? तुम्ही न इचारताच राह्यू देल्या असत्या, तर मी म्हणली असती, मी काय करू, मावशीनं ऐकलंच नाही." मावशीनं हात मागं घेतले. "मले त्या दिवशी भाकर गेली नाही. इचारणं म्हंजे सगळा भार तिच्यावरच टाकणं. मंग मी आपल्या बायायले सांगतलं, आजपासून इचारायचं नाही. बांगड्या राहतीन, असं आपणच म्हणायचं. बोल लागला तर आपल्याले लागंन. ताई होती तवा तिथं. तिनं ते मनावर घेतलं."

वाटेत मी मनात जुळवलेली सगळी वाक्यं तिथंच संपली. मी आले होते हे सांगायला, की तुझं सांगणं ते विसरले. त्यांनी ते शब्दाला शब्द पाळलं होतं. एका पोरीला वाचवायला जी गोष्ट मावशीनं सांगितली तीच माझ्या मायच्या हाताला लागली होती. यात कुणी लबाड नव्हतं. लबाड माणूस सापडला असता तर मला केवढं हायसं वाटलं असतं.

"मग आता काय करायचं मावशी?"

"मले मालूम नाही वं पोरी. मालूम असतं तर तवाच नसतं सांगतलं काय?" तिनं डोळे पुसले. मग म्हणाली, "पण तुही माय तर पहिल्यापासून माह्यासंग होती. कोणाले भ्यायची बाई नाही ते. तिनं काऊन काढल्या?"

मायला न विचारता बांगड्या भरल्या म्हणून मी मंडळाशी भांडत होते, आणि तू का काढल्यास हे मीही तिला विचारलेलं नव्हतं.

मी तशीच उंद्रीला गेले. माय गिरणीतून नुकतीच आली होती, भुवयांवर पीठ. बाबा गेल्यावर गिरणी तीच चालवते. जेवताना मी विचारलं. ती आधी म्हणाली, "काऊन म्हंजे? नाही घालाव्या वाटल्या." मग पाणी प्यायली आणि सांगू लागली.

"तुह्या बाबायले शेवटी दिसत नव्हतं ना. शुगरनं डोळे गेले. मी घरात कुठं हाव ते त्यायले बांगड्यायच्या आवाजावर समजे. मी चुलीपाशी हात हालवला का तिकडून म्हणत, चहा मांडला काय? मी कपडे वाळू घातले का म्हणत, उन्हात नको राहू. रोजचंच झालं होतं ते. हात हालला का आवाज, आवाज झाला का बोलणं." तिनं ताट पुढं सारलं. "त्या दिवशी पहाटी ते गेले. मी त्यायच्या अंगावर चादर घातली. बांगड्या वाजल्या. आन् ते बोलले नाही. मंग म्या काढल्या."

मी तिचं ताट उचलून मोरीत ठेवलं.

"त्या बाया वाईट नाहीत," माय म्हणाली. "पण त्यायनं घातल्यावर भजनभर त्या वाजून राह्यल्या होत्या. मी हात हालवलेच नाही. लोकायले वाटलं, बाई सुन्न झाली."

मी ताईंना गाठलं आणि हे जसंच्या तसं सांगितलं. ताई ऐकता ऐकता खुर्चीवर बसल्या. फ्लेक्स त्यांनी स्वतः उभं राहून उतरवला. दुसऱ्या दिवशी त्या उंद्रीला गेल्या, मायसमोर बसल्या आणि कसलीच प्रस्तावना न करता म्हणाल्या, "माझं चुकलं." माय म्हणाली, "तुमचं काम चांगलं आहे बाई. पण माह्या हाताले लागलं होतं." एवढंच बोलणं झालं. मग मायनं चहा केला.

मला वाटलं, झालं, गाडी रुळावर आली. ताई मला म्हणाल्या, "तुम्ही शिक्षिका आहात. आपला नवा नियम तुम्हीच लिहून द्या." मी खूप विचार करून लिहिलं. मावशीनं सांगितलेली ती पोरगीही डोळ्यांसमोर ठेवली आणि मायही. बाईला एकटीला विचारावं, घरच्या कुणासमोर नाही. तिला घाई करू नये. ती जे म्हणेल ते मंडळाचंच म्हणणं आहे असं बाहेर सांगावं, म्हणजे बोल मंडळावर येईल. ताईंनी ते वाचून माझा हात हातात घेतला. ग्रुपवर ते सगळ्यांना गेलं.

पुढं हिवाळ्यात चिखलीतच, आमच्या मागच्या गल्लीत, एक तरुण माणूस अपघातात गेला. मी शाळेतून थेट तिथं गेले. मंडळ माझ्याआधी पोचलं होतं. खोलीतून घरच्या सगळ्यांना बाहेर काढलं होतं, हे नियमाप्रमाणे. ती पोरगी कोपऱ्यात गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. तिच्यासमोर आमच्यातली एक बाई मोबाईल धरून उभी होती आणि दुसरी खणखणीत आवाजात विचारत होती, "बांगड्या ठेवायच्या की काढायच्या? तुमची स्वतःची इच्छा स्पष्ट बोला. रेकॉर्डिंग चालू आहे."

"हे काय?" मी म्हणाले.

"तुमचाच नियम ना मॅडम," ती बाई म्हणाली. तिला माझ्या विचारण्याचं खरंच नवल वाटलं होतं. "तिनं सांगितलं याला पुरावा नको? उद्या तिच्या घरचे म्हणतील, मंडळानं जबरदस्ती केली. तुमच्या आईच्या वेळी एवढं रामायण झालं ना."

मी माझीच वाक्यं तिच्या तोंडून ऐकत होते. त्यातला एकही शब्द तिनं बदलला नव्हता. जिला घाई करू नका म्हणून मी लिहिलं होतं, तिच्यासमोर मोबाईल धरलेला होता आणि ती पोरगी त्याच्याकडे अशी बघत होती जणू कुणी तिच्यावर गुन्हा नोंदवतोय. मावशीचा नियम उलटायला वर्षं लागली होती. माझा नियम तर दोन महिनेही टिकला नाही.

मी दोघींना बाहेर पाठवलं. त्या नाराज झाल्या. दार लोटून घेतलं आणि तिच्याशेजारी जमिनीवर बसले. विचारलं तरी पंचाईत, नाही विचारलं तरी पंचाईत. बाहेरून कुणीतरी म्हणत होतं, उशीर होतोय, आटपा. मी तशीच बसून राहिले.

खूप वेळानं ती म्हणाली, "पाणी आहे काय?"

सकाळपासून तिला कुणी पाणी दिलं नव्हतं. मी उठून ओसरीवरच्या माठातलं पाणी आणलं. ती दोन तांबे प्यायली. मग तिनं डोकं माझ्या खांद्यावर टेकवलं, आणि तिला बाहेर बोलावेपर्यंत आम्ही बांगड्यांबद्दल एक शब्द बोललो नाही.

त्या दिवशी बांगड्या तिच्या हातातच राहिल्या. पुढं ती माहेरी गेली. तिथं तिनं त्या ठेवल्या की काढल्या, मला माहीत नाही. ताईंना मी तो नियम ग्रुपवरून काढून टाकायला सांगितलं, तर त्या गोंधळून म्हणाल्या, "मग बायांनी जाऊन करायचं काय, ते तरी लिहून द्या." ते मला अजून लिहिता आलेलं नाही.